मुद्दाम घातलेल्या चुका

खर्डी, २२ जुलै २००१

दादा,

जयभीम. वहिनींनाही सांग.

वाईट आधी सांगते, कारण चांगलं काही नाहीच. गणितात नापास झाले. मराठी, इतिहास, विज्ञान, अगदी इंग्रजीसुद्धा निघालं, गणितात मात्र दीडशेपैकी एकतीस. पस्तिसाव्या वर्षी पोरींच्या घोळक्यात उभी राहून निकाल बघितला. एकीने विचारलं, "काकू, तुमच्या मुलीचा नंबर काय?" मी म्हटलं, "माझाच बघतेय गो." तिने तोंड फिरवलं आणि हसली. हसू दे.

तुला माहीतच आहे, आमच्या अंगणवाडीच्या सेविका सावळीबाई पुढच्या जूनमध्ये निवृत्त होतायत. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून खिचडी शिजवली, पोरांची नाकं पुसली, वजनं केली. वजनाचे आकडे लिहून ठेवते तीही मीच. तपासणीला येणाऱ्या मुख्य सेविका म्हणाल्या, "दहावीचं सर्टिफिकेट आण, जागा तुझीच. नाय आणलं तर बाहेरची बाई येईल, मग आमी काय करणार?" म्हणजे नवी कोणीतरी येईल आणि मी पुन्हा टोप घासत बसेन, जन्मभर.

ऑक्टोबरपर्यंत तयारी व्हायची नाही, म्हणून मार्चला परत बसतेय. तुझ्याकडे येऊन शिकले असते, पण इथून शहापूर, तिथून मुरबाड आणि मग तुमच्याकडची ती एकुलती एसटी. दिवस मोडतो, आणि सुटी मिळत नाही. म्हणून पत्रातून शिकव. शाळेतल्या पोरांना शिकवतोस तसं, पण छडी न घेता.

हे बघ: (x + २)(x + ३) = x² + ६. पुस्तकात मागे उत्तर आहे x² + ५x + ६. हा ५x कुठून आला?

तुझी,
रत्ना

*

ता. मुरबाड, ४ ऑगस्ट २००१

रत्ने,

जयभीम. एकतीस मार्कांची लाज वाटून घेऊ नकोस, माझ्या वर्गात अकरा मार्कवाले ताठ मानेने बसतात. लाज वाटायचीच असेल तर त्या x² + ६ ची वाटू दे.

तू पहिल्याला पहिल्याशी गुणलंस आणि दुसऱ्याला दुसऱ्याशी. सोयरे आले की आपल्याकडे असंच होतं ना? पुरुष पुरुषांना जयभीम घालतात, बायका बायकांना, आणि झाली भेट. बीजगणितात असली भेट चालत नाही, बाईसाहेब. दोन कंस म्हणजे दोन घरं. या घरातल्या प्रत्येकाने त्या घरातल्या प्रत्येकाला जयभीम घालायचा, बाई-पुरुष, लहान-थोर बघायचं नाही. एक जरी राहिला तरी रुसवा. तुझ्या दोन भेटी राहिल्या: x ने तीनला घातला नाही आणि दोनने x ला. ३x आणि २x. तोच तुझा ५x.

आता क्रम ऐक. आधी दोन्ही कंस मोठ्या घातापासून लहान घातापर्यंत लिहून घ्यायचे. मग पहिल्या कंसातल्या थोरल्याने निघायचं आणि समोरच्या घरातल्या एकूण एकाला भेटून यायचं. तो परत आल्याशिवाय धाकट्याने उंबरा ओलांडायचा नाही. प्रत्येक भेटीत आधी चिन्ह, मग अंक, मग अक्षर. उणे असलेला माणूस उणे घेऊनच फिरतो. सगळ्या भेटी झाल्या की मगच सरूप पदं गोळा करायची, x² वाले एकीकडे, x वाले एकीकडे. मधेच गोळा करायला गेलीस की गोंधळलीस म्हणून समज. तुला उत्तराची घाई असते, लहानपणापासून. पायऱ्या लिही. मार्क पायऱ्यांना असतात.

हे सोडव: (२x − ३)(x² + ४x − ५). उत्तर देत नाही.

माझं बरं आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं, फळ्यावरच्या ओळी एकमेकींवर चढतात.

सतीश

*

खर्डी, २५ ऑगस्ट २००१

दादा,

आलं! २x³ + ८x² − १०x − ३x² − १२x + १५, आणि गोळा करून २x³ + ५x² − २२x + १५. पोरं जेवून झोपली होती तेव्हा अंगणवाडीतल्या फळ्यावर सोडवलं. सावळीबाई बघत होत्या. म्हणाल्या, "हे एवढं लांबडं करून पोरांना खिचडी जास्त मिळंल का गो?" मी म्हटलं, "पोरांना नाय, मला मिळंल."

तुझ्या भाचीला, मनस्वीला, तुझी जयभीमची गोष्ट सांगितली. सातवीत आहे, पण तिला कळली. यांना सांगितली तर म्हणाले, "तुझा भाऊ शाळेत हेच शिकवतो काय?" पण त्या रात्री आटगावच्या कंपनीतून येताना माझ्यासाठी कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन आले. तुझ्या दाजींचं असंच असतं, तोंडाने एक आणि हाताने दुसरं.

सरपंचांची सून बारावी झालीय. तिचा अर्ज तयार आहे म्हणतात. मला धडकी भरलीय. उणे चिन्हांची आणखी गणितं पाठव, आणि एक तू पायऱ्यांसकट सोडवून पाठव.

चष्मा बदल रे, चालढकल करू नकोस.

रत्ना

*

ता. मुरबाड, ९ सप्टेंबर २००१

रत्ने,

जयभीम. तुझं गणित बरोबर. अक्षर मात्र कोंबडीचे पाय.

एक गोष्ट सांगतो, म्हणजे तुझ्या ध्यानात राहील. दोन कंस म्हणजे दोन घरं समज. सोयरे आले की पुरुष पुरुषांना जयभीम घालतात, बायका बायकांना. बीजगणितात तसं चालत नाही. या घरातल्या प्रत्येकाने त्या घरातल्या प्रत्येकाला घालायचा. कळलं?

हे घे सोडवलेलं.
(३x − २)(x² − x + ४)
= ३x³ − ३x² + १२x − २x² − २x − ८
= ३x³ − ५x² + १०x − ८

डोकं दुखतं म्हणून थोडक्यात आवरतो. शाळेत तपासणी आहे, त्याची दगदग.

सतीश

*

खर्डी, २० सप्टेंबर २००१

दादा,

पकडली! मुद्दाम घातलीस ना? उणे दोन उणे x ला भेटला की अधिक २x व्हायला हवं. तू उणे लिहिलंस. मग खाली १०x नाही, १४x. आधी वाटलं माझंच चुकतंय, तीनदा केलं. मग कळलं, दादाने सापळा लावलाय. तू आणि चिन्हात चूक! आणि जयभीमची गोष्ट नव्याने सांगून मला गाफील केलंस, तेही ओळखलं.

खरं सांगू, इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. असंच करत जा.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुटीला येऊ का? पोरीलाही मामाला भेटायचंय.

रत्ना

*

ता. मुरबाड, ७ ऑक्टोबर २००१

रत्ने,

जयभीम. हो, मुद्दामच घातली होती. शाब्बास.

आता प्रत्येक पत्रात एखादी चूक असेल. जास्तही असतील. शोधायच्या आणि कुठे चुकलं, का चुकलं ते पायरीसकट मला लिहून कळवायचं. नीट कळवायचं, नुसतं 'पकडली' म्हणून भागणार नाही. हाच तुझा अभ्यास.

सुटीत येऊ नकोस. घरी रंगकाम काढलंय, बसायला जागा नाही. परीक्षा झाली की ये, आठ दिवस राहा.

खाली तीन गणितं आहेत.

सतीश

*

खर्डी, १६ डिसेंबर २००१

दादा,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. आधीच्या दोन पत्रांतल्या चुका मी कळवल्याच. या वेळी मात्र तू हद्द केलीस.

(x + ४)(x² − २x + ३) हे तू एकाच कागदावर दोनदा सोडवलंस आणि दोन्ही उत्तरांखाली रेघ मारलीस. एकात शेवटचे बारा गळालेत. दुसऱ्यात बाराच्या जागी सात आहेत, म्हणजे चार आणि तीन गुणायच्या ऐवजी मिळवलेस. खरं उत्तर x³ + २x² − ५x + १२. त्याखालचं गणित तर तू थोरल्याची फेरी अर्धी टाकून धाकट्याला बाहेर काढलंस, मग थोरला पुन्हा निघाला, मग कागदच संपला. अशी चूक कोण करेल? परीक्षेत असलं कोणी घालतं का?

दादा, हेही मुद्दामच ना? तुझं अक्षर उताराला लागल्यासारखं खाली का जातं? चष्मा केलास का? लवकर लिही. मला गणित नको, नुसतं पत्र लिही.

रत्ना

*

ता. मुरबाड, ६ जानेवारी २००२

रत्नाताई,

सप्रेम जयभीम. हे पत्र मी यांच्या नकळत लिहितेय.

तुमच्या दादांच्या डोक्यात गाठ आहे. सप्टेंबरात वर्गात फळ्यासमोर खडू धरून नुसते उभे राहिले, मुलं हसली, मग घाबरली. ठाण्याला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचा भरवसा देता येत नाही. दिवाळीपासून ते रजेवर आहेत. रंगकाम वगैरे काही नव्हतं.

त्या चुका मुद्दाम नव्हत्या, ताई. एक पत्र लिहायला त्यांना आठवडा लागतो. तुमचं पत्र आलं की स्वतःचा कच्चा कागद घेऊन बसतात आणि तुम्ही जिथे चूक दाखवलीत तिथे लाल पेनने खूण करतात. मला म्हणाले, "रेश्मा, मी कुठे चुकलो ते मला आता ती सांगते." त्या दिवशी ते जेवले. एरवी ताटावरून उठतात.

तुम्हाला सांगायचं नाही अशी त्यांनी माझ्याकडून शपथ घेतलीय. मी शपथ मोडली, कारण तुमचं शेवटचं पत्र वाचून त्यांनी उशीत तोंड घातलं. आता तुम्ही धावत आलात तर त्यांना कळेल मी सांगितलं. तुम्हाला पास करणं एवढंच त्यांच्या हातात राहिलंय, ते काढून घेऊ नका. चुका मुद्दामच आहेत असं लिहीत राहा. मी हात जोडते.

तुमची वहिनी,
रेश्मा

*

खर्डी, २० जानेवारी २००२

दादा,

जयभीम. मागच्या पत्रात उगाच चिडले. तू म्हणाला होतास जास्त चुका असतील, माझ्या लक्षात राहिलं नाही. सगळ्या सापडल्या. मास्तर बेरकी आहे.

आता उलटं करू. मी सोडवते, तू तपास. मला नीट आलंय की नाही ते बघायचंय, म्हणून प्रत्येक पायरी सावकाश सांगते, कंटाळू नकोस.

(x − ३)(२x² + x − ४). घरं दोन. थोरला x आधी निघाला. २x² ला भेटला, २x³. x ला भेटला, x². उणे चारला भेटला, उणे ४x. तो घरी आला, टेकला. आता धाकटा निघाला, उणे तीन. उणे त्याच्यासोबत आहे. २x² ला भेटला, उणे ६x². x ला भेटला, उणे ३x. उणे चारला भेटला, उणे १२. सगळे भेटून झाले. आता गोळा करते: २x³ − ५x² − ७x − १२.

घाई नाही. आठवडा लागो, महिना लागो. कोणीतरी तपासणारं आहे म्हणून मी नीट लिहिते, नाहीतर माझी धावपळ तुला ठाऊक आहे.

इथे थंडी आहे. पोरं उन्हात बसून खिचडी खातात. मला तुझी फार आठवण येते.

रत्ना

*

ता. मुरबाड, १४ फेब्रुवारी २००२

रत्ने

शेवटच्या भेटीत उणे आणि उणे. अधिक १२ पाहिजे. तुझं उणे १२ चूक.

एवढ्या पायऱ्या बरोबर लिहून तू इथे चुकणार नाहीस. मुद्दाम घातलीस ना?

म्हणजे रेश्माने सांगितलं. तिला बोललो नाही, तूही बोलू नकोस. चूक पकडली तेव्हा बरं वाटलं. एक दिवस मास्तर झालो.

काहीही झालं तरी पेपर सोडायचा नाही. बीजगणित आणि भूमिती दोन्ही. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय. नथूदाजींना पण निरोप दिलाय.

हात दुखतो.

दादा

*

ता. मुरबाड, १२ मे २००२

रत्नाताई,

सप्रेम जयभीम. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. पुण्यानुमोदनाला आलात, फोटोला फूल वाहिलंत आणि पाणीसुद्धा न घेता निघून गेलात. माझ्याकडे बघितलंही नाहीत. तुमचा राग मला समजतो.

ते रविवारी सकाळी गेले. सोमवारी तुमचं बीजगणित होतं, बुधवारी भूमिती. मी खर्डी स्टेशनसमोरच्या बूथवर फोन करून नथूभाऊजींना बोलावून घेतलं. 'गेले' एवढंच मी सांगितलं. त्यांनीच विचारलं, "तिला सांगू का नको?" मी म्हटलं, त्यांनी काय सांगून ठेवलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. मग तुम्हाला जादा पाळी आहे असं सांगून ते इकडे आले. तिरडीला खांदा त्यांनी दिला.

माणूस जिवंत असताना त्याचं ऐकलं, मेल्यावर कसं मोडायचं? तरी रविवारी संध्याकाळी त्यांना नेलं तेव्हा मी सारखी रस्त्याकडे बघत होते. तुम्ही कुठूनतरी याल असं वाटत होतं. पाच दिवस आधी त्यांना बोलता येत होतं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "रत्नाचा पेपर झाला का?" मी नाही म्हटलं. तेव्हा तरी तुम्हाला बोलवायला हवं होतं, असं आता वाटतं. मला तेव्हा कळलं नाही.

तुम्ही शिव्या द्या. पण काहीतरी लिहा.

रेश्मा

*

खर्डी, ७ जुलै २००२

वहिनी,

जयभीम.

पास झाले. गणितात दीडशेपैकी ब्याण्णव. सोमवारपासून मी सेविका आहे. सरपंचांच्या सुनेचा अर्ज मागे पडला. लोक पेढे मागतात आणि मी आणते म्हणून सांगते. अजून आणले नाहीत.

तुम्हाला लिहायला उशीर झाला, कारण खोटं लिहायचं नव्हतं. आता खरं लिहिते. बुधवारी भूमितीचा पेपर देऊन मी शहापूरच्या केंद्रातून बाहेर आले तर हे फाटकापाशी उभे. मला वाटलं, न्यायला आले, किती बरं. म्हणाले, "पेपर कसा गेला गो?" मी म्हटलं, चांगला गेला, पास होईन. दोनदा विचारलं, नक्की ना? मी हसून नक्की म्हटलं, आणि मग त्यांनी सांगितलं. माझा भाऊ जाऊन चौथा दिवस होता, वहिनी, आणि मी त्या चार दिवसांत पेपर कसे गेले म्हणून खुशीत होते. सोमवारी घरी येऊन मी मनस्वीला सांगितलं होतं, मामाला पत्र लिहू, बीजगणितातलं एकही सोडलं नाही. हे तिथेच जेवत बसले होते, आणि त्यांनी मान वर केली नाही.

यांच्याशी मी महिनाभर बोलले नाही. त्यांनीही बोल म्हटलं नाही, फक्त पाणी भरून ठेवायचे.

मला कळलं असतं तर मी पेपर टाकून आले असते. हे तुम्हा तिघांनाही ठाऊक होतं, म्हणूनच तुम्ही मला विचारलं नाहीत. आधी काय आणि मग काय ते तुम्हीच ठरवलंत. दादाने तसं सांगून ठेवलं होतं, मान्य. पण त्याचं तोंड बघायचा हक्क माझाही होता, आणि तो मला परत मिळणार नाही. नापास झाले असते तर ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं. हे मी रोज मनाशी म्हणते. मग आठवतं की जागा जूनमध्येच भरायची होती. खुर्चीवर बसले की वाटतं, ही कशाच्या बदल्यात मिळाली.

तुम्ही बरोबर केलंत असं मी म्हणू शकत नाही. चूक केलीत असंही आता म्हणवत नाही. तुमच्यावरचा राग गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण दादा आजारी असताना इतके महिने तुम्ही एकट्याच होतात, आणि मी इथे गणितं सोडवत होते, हेही खरं आहे. तुम्हाला कोणी विचारलं नाही, जेवलात का.

येत्या रविवारी येते. सकाळची गाडी पकडून शहापूर, मग मुरबाड, दुपार होईल. आपण काय बोलणार आहोत मला माहीत नाही. संध्याकाळच्या एसटीने लगेच परतायचं ठरवलं होतं. पण थांबते. माझ्यासाठीही दोन भाकऱ्या टाका.

रत्ना